वॉचमनला कुणी सांगितलं का?

२०२२ च्या जानेवारीच्या शेवटी लिनक्स कर्नलच्या आय-९१५ ड्रायव्हरमध्ये एक पॅच आला. आय-९१५ म्हणजे इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर. २००४ सालच्या ९१५ चिपसेटवरून हे नाव पडलं. तो चिपसेट कधीच भंगारात गेला, नाव मात्र राहिलं. (टॉकीज पाडून वीस वर्षं झाली तरी बसस्टॉपला नाव टॉकीजचंच, तसं.) इंटेलच्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा फेडोरा टाकून काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मशीनमध्ये हाच ड्रायव्हर गपचूप आपलं काम करत असतो.

पॅचचं म्हणणं एका ओळीचं होतं: बफरखालची मेमरी सोडून देण्याआधी जीपीयूचा टीएलबी साफ करा. बस्स. पण त्यामागची चूक कित्येक वर्षं तिथेच होती. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) ती दुरुस्त करणारा पॅच काही ठिकाणी पुढचे दहा महिने काहीच करत नव्हता आणि 'काम झालं' असंच सांगत होता.

मी पोटापाण्यासाठी जावा लिहितो. कर्नलशी माझं नातं निव्वळ वाचकाचं. पण गेले दोन-तीन वीकेंड या प्रकरणाचे कमिट मेसेज वाचण्यात गेले आणि वाटलं, ही गोष्ट फक्त कर्नलवाल्यांपुरती ठेवण्यात अर्थ नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांना व्हर्च्युअल मेमरी पाठ आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद उडी मारून गेलं तरी चालेल.

एक मोठी हाउसिंग सोसायटी डोळ्यासमोर आणा. कोण कुठल्या फ्लॅटमध्ये राहतं हे सेक्रेटरीच्या ऑफिसातल्या वहीत लिहिलेलं आहे. गेटवर कुरिअरवाला येतो आणि विचारतो, "कुलकर्णी कुठे?" आता वॉचमनकाका दर वेळी ऑफिसात जाऊन वही उघडत बसले तर गेटवर रांग लागेल. म्हणून काका नेहमीची नावं लक्षात ठेवतात. "कुलकर्णी ना? बी विंग, ३०२." वहीची गरजच नाही. यातली वही म्हणजे पेज टेबल. कुलकर्णी हे नाव म्हणजे प्रोग्रॅमला दिसणारा व्हर्च्युअल पत्ता, ३०२ म्हणजे रॅममधली खरी जागा, आणि काकांची स्मरणशक्ती म्हणजे टीएलबी.

आता कुलकर्णी जागा सोडून जातात. सेक्रेटरी वहीतलं नाव खोडतो, ३०२ मध्ये देशपांडे राहायला येतात. वही अगदी बरोबर आहे. पण वॉचमनकाकांना कुणी सांगितलंच नाही! दुसऱ्या दिवशी कुणीतरी "कुलकर्णी" म्हणून विचारत येतो आणि काका त्याला बिनधास्त देशपांड्यांच्या दारात पाठवतात. साधा कुरिअरवाला असेल तर पार्सल चुकीच्या घरी पडेल, एवढंच. पण येणाऱ्याला हे आधीच ठाऊक असेल आणि तो मुद्दामच जुनं नाव सांगत असेल तर?

सीपीयूच्या जगात हा प्रश्न जुना आहे. व्हर्च्युअल मेमरीची कल्पना मँचेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅटलस संगणकात १९६२ साली प्रत्यक्षात आली. आपल्या ओळखीच्या इंटेल ३८६ मध्ये (१९८५) टीएलबी होता ३२ नोंदींचा. एक पान ४ किलोबाइटचं, म्हणजे काकांच्या डोक्यात एका वेळी फक्त १२८ केबीचे पत्ते. त्यातली एकच नोंद पुसायची सोयही ३८६ मध्ये नव्हती, पेज टेबलचा पत्ता पुन्हा भरून सगळी पाटी कोरी करावी लागायची. एकच नोंद पुसणारी सूचना ४८६ मध्ये आली.

मग एकाऐवजी अनेक प्रोसेसरवाली मशीन आली आणि प्रश्न अवघड झाला. चार गेटं, चार वॉचमन. एका गेटवर सांगितलं म्हणून बाकीच्या तिघांना कसं कळणार? १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या माख ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी यावर एक पेपर लिहिला. डेव्हिड ब्लॅक, रिचर्ड रशीद (हेच पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे संस्थापक) आणि इतर. त्यांचा उपाय असा: मॅपिंग बदलणाऱ्या प्रोसेसरने बाकीच्यांना इंटरप्ट पाठवायचा, त्यांनी हातातलं काम थांबवायचं, जुनी नोंद पुसायची, आणि सगळ्यांनी मान डोलावल्यावरच पुढे जायचं. याला 'टीएलबी शूटडाउन' म्हणतात. शूटडाउन महाग पडतं, सगळ्यांचा खोळंबा होतो. पण टाळता येत नाही म्हणून आजही सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम ते कुठल्या ना कुठल्या रूपात करतात.

मग १९८९ मध्ये कळलेली गोष्ट २०२२ मध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये राहून कशी गेली? इथे इतिहास कामाला येतो.

इंटेलच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ती आपल्याच रॅममधून जागा घेते. कुठला तुकडा कुठे आहे हे सांगायला जीपीयूचं स्वतःचं पेज टेबल असतं. जुन्या काळी, म्हणजे २००८ च्या आधी, लिनक्सवर हा कारभार बराचसा एक्स सर्व्हर बघायचा. हा एक्स सर्व्हर म्हणजे रूटच्या अधिकाराने चालणारा एक साधा प्रोग्रॅम. तो कार्डाची रजिस्टरं थेट स्वतःच्या पत्त्यांत मॅप करून घ्यायचा, सुरुवातीलाच मेमरीचा मोठा तुकडा बळकवायचा आणि बंद होईपर्यंत सोडायचा नाही. सुरक्षेच्या दृष्टीने सगळाच आनंद! पण एक गोष्ट लक्षात घ्या. घर कधी रिकामंच होत नसेल तर नव्या भाडेकरूचा प्रश्नही येत नाही.

२००८ मध्ये इंटेलच्या कीथ पॅकर्ड आणि एरिक अ‍ॅनहोल्ट यांनी 'जेम' नावाची नवी व्यवस्था आणली. डिसेंबर २००८ च्या २.६.२८ कर्नलमध्ये ती आली. आता ग्राफिक्सच्या बफरांची मालकी कर्नलकडे गेली. बफर म्हणजे साधी पानं, हवी तेव्हा मिळवायची, गरज संपली की परत करायची, मेमरीची टंचाई झाली तर स्वॅपमध्येही टाकायची. आज ब्राउझरचे चाळीस टॅब, व्हिडिओ आणि थ्रीडी डेस्कटॉप एकाच मशीनवर सुखाने नांदतात, त्याचं बरंचसं श्रेय अशा कामाला आहे. म्हणजे चाळीत पिढ्यानपिढ्या एकच कुटुंब राहायचं, आणि आता अकरा-अकरा महिन्यांचे करार सुरू झाले. जागेचा वापर सुधारला, पण भाडेकरू सारखे बदलू लागले. वॉचमनला सांगायचं काम आत्ता कुठे महत्त्वाचं झालं होतं.

जेममध्ये कामाची पद्धत अशी: प्रोग्रॅम जीपीयूला कामाची एक बॅच देतो आणि सोबत एक यादी देतो, की या कामात मी हे-हे बफर वापरणार आहे. कर्नल यादी बघतो आणि काम संपेपर्यंत त्यातल्या कुठल्याही बफरला हात लावत नाही. शिवाय नवीन बॅच सुरू होताना टीएलबीतल्या जुन्या नोंदी पुसल्या जातात. म्हणजे दर शिफ्टच्या सुरुवातीला वॉचमनकाका वही नव्याने वाचतात. सगळे सरळ वागत असतील तर एवढं पुरेसं आहे.

आणि इथेच मेख आहे. सगळे सरळ वागले तर!

समजा एखाद्या प्रोग्रॅमने बफर यादीत लिहिलाच नाही, पण आधीच्या कामामुळे त्याचा पत्ता जीपीयूच्या पेज टेबलात अजून आहे. बॅच त्या पत्त्यावर खुशाल वाचते-लिहिते. कर्नलला वाटतं हा बफर कुणी वापरत नाही. तो बफर सोडून देतो, पेज टेबलातली नोंद काढतो, आणि ती पानं दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतो. पण बॅच आधीच सुरू झालेली आहे. शिफ्ट बदललेली नाही. टीएलबीत जुनी नोंद शाबूत. आता त्या पानांत दुसऱ्या युजरचा पासवर्ड असेल, तुमच्या बँकेचं स्टेटमेंट असेल नाहीतर खुद्द कर्नलचाच डेटा असेल, जीपीयूवर चालणारा तो प्रोग्रॅम ते वाचू शकतो आणि वर काही लिहूनही ठेवू शकतो. हीच ती सीव्हीई-२०२२-०३३०. मशीनवर साधं लॉगिन असलेला माणूस ते क्रॅश करू शकेल किंवा जास्तीचे अधिकार मिळवू शकेल, असं तिचं अधिकृत वर्णन आहे.

पॅच लिहिला इंटेलच्या त्वर्त्को उर्सुलिन यांनी. चूक कळवणारी व्यक्तीही इंटेलमधलीच, तशी नोंद कमिटखाली आहे. मला या पॅचपेक्षा त्याचा कमिट मेसेज आवडला. दोन रस्ते होते, ते त्यात मोकळेपणाने मांडलेत. पहिला, जीपीयूच्या पेज टेबलातून नोंद काढताना प्रत्येक वेळी टीएलबी साफ करायचा. पण नोंद काढली म्हणजे पानं लगेच परत जातातच असं नाही, मग तो खर्च बऱ्याचदा फुकट. दुसरा, पानं खरोखर परत करताना साफ करायचा. त्या क्षणी जीपीयूवर कुणी ते वापरतंय की नाही हे कळायला मार्ग नाही, म्हणजे इथेही काही वेळा फुकट खर्च. मग निवड कशी केली? जो लिहायला सोपा तो घेतला, म्हणजे दुसरा. एकदा जीपीयूला जोडल्या गेलेल्या प्रत्येक बफरवर खूण करायची, आणि त्याची पानं सोडताना सगळ्या इंजिनांचा टीएलबी रांगेने साफ करायचा. मोजमाप आणि सुधारणा पुढे बघू, असंही स्पष्ट लिहिलंय. आग लागल्यावर नळाची डिझाइन स्पर्धा भरवायची नसते.

खर्च अर्थातच जाणवला. टीएलबी साफ करायची सूचना द्यायची आणि 'झालं' असं कळेपर्यंत थांबायचं, तेही एका म्युटेक्सच्या आत. अनेक थ्रेड एकदम बफर सोडायला लागले की सगळे त्या एका कुलुपापाशी उभे. २०२२ च्या मध्यावर आलेल्या ख्रिस विल्सन यांच्या पॅचने हे बरंच सुधारलं. कल्पना छान आहे: टीएलबी पूर्ण साफ झाला की एक अनुक्रमांक पुढे सरकवायचा. मी माझी नोंद बदलली तेव्हाचा क्रमांक माझ्याकडे आहे. पानं सोडायची वेळ येईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी साफसफाई केलेली असेल तर क्रमांकावरून ते दिसतं, मला पुन्हा करायची गरज नाही. म्हणजे गेटवर पाटी लावली: 'वही शेवटची वाचली, दुपारी ४ वाजता.' तुमचा बदल त्याआधीचा असेल तर वॉचमनकाकांना उगाच उठवू नका. कुठे उगाच थांबतोय हे बारकाईने बघितलं आणि सुरक्षेला धक्का न लावता खोळंबा कमी केला. बरेचदा आपण 'सिक्युरिटी की स्पीड' असा वाद घालतो तेव्हा खरं तर हा बारकाईचा कंटाळा असतो, असं माझं प्रामाणिक मत.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसलोच नसतो.

३० नोव्हेंबर २०२२. इंटेलच्याच आंद्झेय हायदा यांचा पॅच येतो. विषय: बाराव्या पिढीच्या व्हिडिओ आणि कंप्यूट इंजिनांसाठी टीएलबी साफ करणं दुरुस्त करा. बारावी पिढी म्हणजे टायगर लेक, रॉकेट लेक, अ‍ॅल्डर लेक वगैरे, तेव्हाची बहुतेक नवी मशीन. या नव्या चुकीचा क्रमांक सीव्हीई-२०२२-४१३९.

काय झालं होतं? जीपीयूच्या काही रजिस्टरांना 'मास्क' असतो. रजिस्टर ३२ बिटांचं. खालचे १६ बिट म्हणजे खरी किंमत, वरचे १६ म्हणजे 'यातले कुठले बिट मी बदलतोय' याची खूण. सोय चांगली आहे. एकच बिट बदलायला आधी सगळं वाचा, मग बदला, मग लिहा हा द्राविडी प्राणायाम वाचतो आणि मधल्यामध्ये दुसऱ्याने बदल केला तर तो पुसला जात नाही. पण अट अशी की वरची खूण केलीच पाहिजे. नाही केली तर हार्डवेअर लिहिलेलं निमूटपणे सोडून देतं. एरर नाही, तक्रार नाही. सरकारी फॉर्मवर 'खालीलपैकी बदल हवा असलेल्या रकान्यावर खूण करा' असं असतं, आणि तुम्ही नवा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिता पण खूण राहते. फॉर्म स्वीकारला जातो, शिक्काही बसतो आणि पत्ता तोच राहतो!

रेंडर आणि कॉपी इंजिनांच्या रजिस्टरांना ही अट नव्हती, व्हिडिओ आणि कंप्यूटच्या होती. जानेवारीच्या पॅचमध्ये सगळ्यांना एकच पद्धत लावली होती.

आता खरी मजा बघा. साफसफाई झाली की नाही हे ड्रायव्हर कसं ओळखतो? तो एक बिट १ करतो, हार्डवेअर काम करतं आणि संपलं की तो बिट परत ० करतं. ड्रायव्हर ० दिसेपर्यंत थांबतो, ठरावीक वेळेत ० दिसला नाही तर एरर. पण खूण नसल्यामुळे बिट मुळात १ झालाच नाही. तो आधीपासूनच ० होता. ड्रायव्हरने बघितलं, ०. म्हणजे काम झालं, आणि तेही झटक्यात! न झालेलं काम आणि विजेच्या वेगाने झालेलं काम, ड्रायव्हरच्या जागेवरून दोन्ही हुबेहूब सारखी दिसत होती. लॉगमध्ये काही नाही, टाइमआउट नाही, कामगिरीच्या आकड्यांत तर उलट बरंच दिसणार. अशी चूक कुठल्या अलार्मने सापडायची? कुणीतरी हार्डवेअरच्या कागदपत्रांतली व्याख्या आणि कोड शेजारी ठेवून वाचावं लागतं.

जानेवारीत लोकांनी अपडेट केलं, सीव्हीईच्या यादीत टिक केली, ऑडिटवाल्यांना हिरवा रकाना दाखवला आणि विषय मिटला. बाराव्या पिढीच्या मशीनमध्ये अर्धं दार उघडंच होतं. म्हणून मला वाटतं, इथे शिकण्यासारखी गोष्ट टीएलबीपेक्षा मोठी आहे. वही बदलणं हे एक काम. वॉचमनला सांगणं हे दुसरं. आणि वॉचमनने ऐकलं हे पडताळणं हे तिसरं. कित्येक वर्षं ड्रायव्हरमध्ये दुसरं काम अर्धवट होतं, आणि ते जोडलं तेव्हा तिसरं सुटलं.

आपल्या रोजच्या कामात हेच वेगळ्या कपड्यांत येतं. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं अकाउंट डिरेक्टरीतून काढलं जातं (वही), पण त्याच्या लॅपटॉपवरचं टोकन अजून चालतं का (वॉचमन), हे कोण बघतं? कॅश साफ करायची एपीआय २०० परत देते. तो २०० 'पुसलं' म्हणतोय की 'निरोप मिळाला' म्हणतोय? मी हल्ली कोड रिव्ह्यू करताना हा प्रश्न हमखास विचारतो: काम झालं नसतं तर हा टेस्ट लाल झाला असता का? बऱ्याच वेळा समोरचा दोन मिनिटं गप्प बसतो आणि मग टेस्ट बदलतो. आधी दार उघडं आहे हे दाखवा, मग कुलूप लावा, मग पुन्हा ढकलून बघा. नुसतं 'कुलूप लावलं' पुरत नाही.

यातून इंटेलची ग्राफिक्स मंडळी कुठे पोचली? मार्च २०२४ च्या ६.८ कर्नलमध्ये नव्या हार्डवेअरसाठी 'एक्सई' नावाचा वेगळा ड्रायव्हर आला. त्यात बॅचसोबत बफरांची यादी द्यायची ती जुनी पद्धतच नाही. कुठला बफर कुठल्या पत्त्यावर हे प्रोग्रॅम आधी स्पष्ट सांगतो आणि नको झाला की तसंच स्पष्ट काढतो. टीएलबी साफ करायची विनंती जीपीयूतल्या फर्मवेअरकडे क्रमांक टाकून जाते आणि त्याच क्रमांकाची पोच परत आल्यावरच काम झालं असं धरतात. गप्प बसणं म्हणजे होकार, हा प्रकार तिथे नाही. रजिस्टर्ड एडीची पोचपावती आपल्या आजोबांच्या पिढीला माहीत होती. चिपच्या आत ती पोचायला एवढा वेळ लागला, असो.

जाता जाता: इंटेलच्या मशीनवर लिनक्स वापरत असाल तर कर्नल ६.१ किंवा त्यानंतरचा असल्याची खात्री करा, दोन्ही दुरुस्त्या त्यात आहेत. त्याहून जुना कर्नल असेल तर डिस्ट्रोचे अपडेट नियमित घेताय ना, ते बघा. त्यांनी दुरुस्त्या मागच्या आवृत्त्यांतही नेल्या आहेत. आणि अपडेट केल्यावर मशीन रीस्टार्ट करायला विसरू नका. नाहीतर डिस्कवर नवा कर्नल आणि मेमरीत जुनाच, म्हणजे पुन्हा तेच :)